कॅल्शियम स्कोअर: स्कॅनआधी काय ठरवावं, आकडा आल्यावर काय करावं

सीटी स्कॅनवरून काढलेल्या हृदयाच्या कॅल्शियम स्कोअरवरून पुढच्या दहा वर्षांतला हृदयविकाराचा धोका कळतो. आज छातीत का दुखतंय, ते त्यावरून कळत नाही. गडहिंग्लज, शाहूवाडी, राधानगरीकडून एका फेरीत सगळं उरकायला कोल्हापुरात आलेल्या माणसाच्या चिठ्ठीवर ईसीजी, टू डी इको, टीएमटी आणि कॅल्शियम स्कोअर असं बरेचदा एकाखाली एक लिहिलेलं असतं, म्हणून हा भेद आधीच सांगून ठेवतो. छातीवर दाब, जबड्यात किंवा हातात उतरणारी कळ, जोतिबाच्या पायऱ्यांवर नव्यानंच लागू लागलेली धाप, कारण नसताना फुटलेला गार घाम, यांतलं काहीही असेल तर स्कोअरची वेळ घेत बसू नका. १०८ ला फोन करा, किंवा जिथे ईसीजी आणि ट्रोपोनिनची रक्ततपासणी लगेच होते अशा रुग्णालयात जा. अशा वेळी स्कोअर शून्य आला तरी त्यावर विसंबता येत नाही. धमनीतला मऊ, ताजा थर फुटूनही झटका येतो आणि त्या थरात कॅल्शियम असेलच असं नाही.

पुढचं सगळं लिहिलं आहे ते ज्यांना काहीही त्रास होत नाही त्यांच्यासाठी.

स्कॅन नेमकं काय मोजतो

हृदयाला रक्त पुरवणाऱ्या कोरोनरी धमनीच्या भिंतीत चरबी साचते, तिथे सूज राहते, आणि वर्षं उलटतात तसा त्या थराचा काही भाग कॅल्शियम धरतो. सीटी स्कॅनमध्ये हे कॅल्शियम पांढरं चमकतं. साचलेल्या एकूण थरात कॅल्शियमचा वाटा साधारण एक पंचमांश असतो, पण कॅल्शियम जास्त तर एकूण साठाही जास्त, हे नातं भक्कम आहे. म्हणूनच हा आकडा भाकितासाठी वापरता येतो.

मोजायची पद्धत आर्थर अ‍ॅगॅटस्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० साली मांडली, आणि रिपोर्टवर आजही ‘अ‍ॅगॅटस्टन स्कोअर’ असंच लिहिलेलं असतं. १३० हाउन्सफील्ड युनिटपेक्षा (सीटीवर घनता मोजायचं एकक) दाट आणि किमान १ चौरस मिलिमीटर पसरलेला ठिपका कॅल्शियम धरला जातो. ठिपक्यातल्या सर्वांत दाट बिंदूवरून त्याला गुणक मिळतो: १३० ते १९९ ला १, २०० ते २९९ ला २, ३०० ते ३९९ ला ३ आणि ४०० पासून पुढे ४. क्षेत्रफळ गुणिले गुणक. एका कापात (स्कॅनच्या एका स्लाइसमध्ये) ८ चौरस मिलिमीटरचा ठिपका असेल आणि त्याची कमाल घनता ३५० असेल, तर त्याचे ८ × ३ म्हणजे २४ गुण. सगळ्या कापांतले, चारही धमन्यांतले असे गुण मिळवले की एकूण स्कोअर होतो.

हे गणित इतकं उलगडून सांगायचं कारण एकच. ४०० स्कोअर म्हणजे ‘चाळीस टक्के ब्लॉकेज’ हा समज फार पसरलेला आहे. या आकड्यात धमनीची आतली वाट किती अरुंद झाली ते कुठेच मोजलेलं नाही. कॅल्शियम भिंतीत असतं. ६०० स्कोअर असलेल्या माणसाच्या धमन्यांतून रक्त व्यवस्थित वाहत असू शकतं, आणि ४० स्कोअरवाल्याला एखाद्या जागी मोठा अडथळा असू शकतो.

आधी कागदावरचा हिशेब

ही तपासणी कोणाला उपयोगी? वय साधारण ४० ते ७५, त्रास काही नाही, आणि कोलेस्टेरॉलची गोळी सुरू करावी की नाही यावर तुमचं आणि डॉक्टरांचं एकमत होत नाही, अशा माणसाला. ज्यांना झटका येऊन गेला, स्टेंट बसला किंवा बायपास झाली त्यांना ती नको. त्यांचा धोका सिद्ध झालेलाच आहे. ज्यांचं एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) १९० किंवा त्याहून जास्त आहे त्यांनीही पैसे वाचवावेत, कारण त्यांना गोळी लागणारच. चाळिशी ओलांडलेल्या मधुमेहींनाही स्टॅटिन (कोलेस्टेरॉलची गोळी) बहुधा सुरू होतंच. त्यांच्या बाबतीत स्कोअरवरून गोळी किती जोराची द्यायची एवढंच ठरतं.

तरुणपणी स्कॅन केला तर बहुतेकांचा शून्य येतो आणि खोटा दिलासा मिळतो. ३० ते ५० वयोगटातल्या सुमारे २२ हजार लोकांच्या स्कॅनवरून २०२१ मध्ये असा निष्कर्ष निघाला की इतर कोणताही धोका नसेल तर पुरुषांनी पहिला स्कॅन बेचाळिशीच्या आसपास आणि स्त्रियांनी अठ्ठावन्नच्या आसपास करावा. मधुमेह, धूम्रपान, बीपी, घराण्यात हृदयविकार असेल तर हे वय काही वर्षं अलीकडे येतं. आपल्याकडे ते अलीकडे धरायला आणखी एक आधार आहे: ५२ देशांत झालेल्या इंटरहार्ट अभ्यासात दक्षिण आशियातल्या माणसाला पहिला झटका सरासरी ५३ व्या वर्षी आला, इतर देशांत तेच वय ५९ च्या घरात होतं.

स्कॅनआधी दहा वर्षांचा धोका काढा. जागतिक आरोग्य संघटनेचे दक्षिण आशियासाठीचे तक्ते आहेत. ब्रिटनच्या क्यूरिस्क ३ या मोफत गणकयंत्रात वंश म्हणून ‘भारतीय’ निवडता येतं. लागणारी माहिती थोडीच: वय, वरचं बीपी, एकूण आणि एचडीएल कोलेस्टेरॉल, मधुमेह, धूम्रपान, आणि आई-वडील किंवा भावंडांचा इतिहास. अमेरिकी मार्गदर्शक तत्त्वांनुसार (२०१८) धोका ७.५ ते २० टक्के आला की स्कॅनचा खरा उपयोग होतो. त्याखाली ५ टक्क्यांपर्यंत निवडक लोकांसाठी. २० च्या वर गेलात तर स्कॅनशिवायच उपचार सुरू करा.

इथे आपल्या भागापुरती एक मोठी गफलत होते. ही गणकयंत्रं सिगारेट विचारतात. मिश्री, तंबाखू-चुना, मावा यांबद्दल विचारत नाहीत. इंटरहार्टच्याच आकड्यांत तंबाखू चघळणाऱ्यांना झटक्याचा धोका सुमारे दुप्पट दिसला होता. म्हणजे बिडीला कधी हात न लावलेला, पण दिवसभर गालात तंबाखू धरणारा माणूस कागदावर निर्व्यसनी ठरतो आणि त्याचा धोका कमी दिसतो. अशा माणसाने धूम्रपानाच्या रकान्यात ‘हो’ भरून पाहावं. वर्षानुवर्षं मिश्री लावणाऱ्या घरातल्या आईचा, आत्याचा हिशेब करतानाही हेच. पद्धत कच्ची आहे, पण शून्य धरण्यापेक्षा खऱ्याच्या जवळ जाणारी आहे.

मग एका कागदावर दोन ओळी लिहा. शून्य आला तर मी काय करणार? शंभराच्या वर आला तर काय? दोन्ही ओळी सारख्याच निघाल्या, म्हणजे ‘काहीही आलं तरी गोळी घेणार नाही’ किंवा ‘काहीही आलं तरी घेणारच’, तर स्कॅन करू नका. त्याच पैशात लिपिड प्रोफाइल, एचबीए१सी आणि आयुष्यात एकदाच करायची लायपोप्रोटीन ए ही रक्ततपासणी करून घ्या.

आणखी एक गोष्ट स्कॅनआधी करायची, ती म्हणजे घरातलं कपाट उघडून जुनी एचआरसीटी शोधायची. कोविडच्या दोन वर्षांत असंख्य लोकांच्या छातीचे स्कॅन झाले. लक्ष फुफ्फुसांवर होतं, पण कोरोनरी धमन्याही त्याच चित्रात असतात. रिपोर्टमध्ये धमन्यांत कॅल्शियम असल्याची एखादी ओळ असते आणि ती कोणी वाचलेली नसते. ओळ नसली तरी सीडी किंवा फिल्म रेडिओलॉजिस्टना दाखवून ‘नाही, थोडं, मध्यम, भरपूर’ एवढं विचारता येतं. तो स्कॅन हृदयाच्या ठोक्याशी जुळवलेला नसल्याने नेमका आकडा मिळणार नाही. पण ४६ व्या वर्षी जुन्या चित्रात मध्यम कॅल्शियम स्पष्ट दिसत असेल, तर निर्णयाला तेवढं पुरतं. नवा स्कॅन बहुतेक वेळा नकोच.

वेळ घेताना फोनवर काय विचारायचं

शाहूपुरी, राजारामपुरी किंवा दसरा चौकाच्या बाजूला स्कॅन सेंटर शोधताना दर आणि अंतर दोन्ही बघा, पण आधी चार प्रश्न विचारा. ईसीजी लावून, ठोक्याशी जुळवून स्कॅन करता का? काप ३ मिलिमीटर (काही यंत्रांवर २.५) जाडीचे घेता का? १२० केव्हीवर (एक्स-रे नळीचा विद्युतदाब) घेता का? रिपोर्टमध्ये प्रत्येक धमनीचा वेगळा आकडा देता का? चौथ्याला ‘नाही’ आलं तर रिपोर्ट अर्धवट मिळेल. पहिल्याला ‘नाही’ आलं तर दुसरं सेंटर बघा. १२० केव्हीचा आग्रह यासाठी, की १३० हाउन्सफील्डची मर्यादा त्या दाबासाठी ठरवलेली आहे. किरणं वाचवायला केव्ही खाली आणला की तोच ठिपका जास्त दाट दिसतो आणि स्कोअर फुगतो.

या तपासणीत शिरेतून औषध टोचत नाहीत. कोणी ‘क्रिएटिनिन करून आणा, सुई लागेल’ म्हणालं तर तुमच्या नावावर सीटी अँजिओग्राफी लिहिली गेली आहे, एवढं समजा आणि डॉक्टरांना विचारा. ती वेगळी तपासणी आहे, वेगळ्या कारणासाठी करतात.

उपाशी राहायची गरज नाही. स्कॅनआधी चार तास चहा, कॉफी आणि तंबाखू मात्र टाळा, ठोके वाढतात. पहाटेची एसटी पकडून, धावतपळत येऊन थेट टेबलावर झोपू नका. पंधरा-वीस मिनिटं शांत बसा. ठोके मिनिटाला सत्तरच्या खाली असतील तर चित्र स्थिर येतं. बीपीच्या गोळ्या नेहमीप्रमाणे घ्या. मंगळसूत्र, साखळी, ताईत घरी ठेवा. गर्भवती असाल किंवा शंका असेल तर स्कॅन करू नका.

टेबलावर पाठीवर झोपवतात, हात डोक्यावर, छातीला तीन-चार इलेक्ट्रोड. मध्यम श्वास घेऊन साधारण दहा सेकंद रोखायचा असतो. छाती फुगवून ओढलेला श्वास मध्येच सुटतो आणि दोन कापांमध्ये धमनीचा तुकडा निसटतो किंवा दोनदा मोजला जातो, म्हणून आधी दोनदा सराव करून घ्या आणि दरवेळी तेवढाच श्वास घ्या. कपडे बदलण्यापासून बाहेर येईपर्यंत पंधरा मिनिटं पुरतात. किरणांचा डोस सुमारे १ मिलिसिव्हर्ट असतो. निसर्गातून आपल्याला वर्षाला त्याच्या दुपटीहून थोडा जास्तच मिळतो. दरवर्षी करावा इतका तो नगण्य नाही, एकदा करायला घाबरावं इतका मोठाही नाही.

आकडा वाचताना

० म्हणजे कॅल्शियम नाही. १ ते ९९ सौम्य, १०० ते ३९९ मध्यम, ४०० पासून पुढे भरपूर. काही रिपोर्टवर ए० ते ए३ अशी खूण असते. तिथे ए३ ची सुरुवात ३०० पासून होते. सोबत एन० ते एन४ असेल तर ती किती धमन्यांत कॅल्शियम आहे त्याची संख्या. एकूण आकडा तोच असला तरी तो तीन धमन्यांत विखुरलेला असणं किंवा डाव्या मुख्य धमनीत असणं जास्त काळजीचं.

या आकड्यांना वजन आलं ते अमेरिकेतल्या मेसा अभ्यासामुळे. २००० साली सुरू झालेल्या या अभ्यासात ४५ ते ८४ वयाचे, हृदयविकार नसलेले ६,८१४ लोक घेतले. दहा वर्षांनंतर शून्य स्कोअरवाल्या गटांत झटका, पक्षाघात अशा घटनांचं प्रमाण १.३ ते ५.६ टक्के निघालं आणि ३०० च्या वरच्या गटांत १३.१ ते २५.६ टक्के. वय, स्त्री-पुरुष, वंश कोणताही असो, शंभराच्या वर गेलेल्या प्रत्येक गटाचा दहा वर्षांचा धोका ७.५ टक्क्यांहून जास्त होता.

मेसात गोरे, काळे, हिस्पॅनिक आणि चिनी वंशाचे लोक होते, भारतीय नव्हते. पुढे २०१० पासून अमेरिकेतल्या दक्षिण आशियाई लोकांवर मसाला नावाचा अभ्यास सुरू झाला आणि त्यात आपल्या वंशाच्या पुरुषांमधलं कॅल्शियम गोऱ्या पुरुषांच्या बरोबरीचं दिसलं. म्हणून मेसाच्या ऑनलाइन गणकयंत्रात वय, स्कोअर वगैरे भरताना भारतीय पुरुषाने ‘गोरे’ हा पर्याय घ्यावा, हा त्यातल्या त्यात बरा मार्ग आहे. येणारी टक्केवारी मात्र अंदाज म्हणूनच धरा.

वयाशिवाय आकडा वाचू नका. स्कोअर ६०, वय ४५, पुरुष: त्या वयाच्या बहुतेकांचा शून्य असतो, त्यामुळे हा माणूस वरच्या चौथ्या हिश्शात जातो आणि त्याच्यासमोर अजून चाळीस वर्षं आहेत. स्कोअर ६०, वय ७५, पुरुष: हा आपल्या वयाच्या निम्म्याहून जास्त लोकांपेक्षा बरा आहे. रिपोर्टवर दोघांपुढे ‘सौम्य’ असंच लिहिलेलं येतं. पंचेचाळिशीच्या माणसाला त्या शब्दावर घरी पाठवणं ही या तपासणीत होणारी सर्वांत महागडी चूक आहे.

रिपोर्ट चुकतोही. मायट्रल झडपेच्या कड्यातलं किंवा महाधमनीच्या भिंतीतलं कॅल्शियम शेजारच्या कोरोनरी धमनीत मोजलं जातं. जुना क्षय होऊन गेलेल्यांच्या छातीत कॅल्शियम धरलेल्या गाठी असतात, आणि त्या डाव्या मुख्य धमनीजवळ असल्या तर सॉफ्टवेअर फसतं. पेसमेकरची तार, ठोक्यांची अनियमितता, फार स्थूल शरीरामुळे चित्रात येणारी खरखर यांनीही आकडा बिघडतो. ३५ वर्षांच्या, कोणताही धोका नसलेल्या माणसाला एकाच जागी मोठा आकडा आला तर गोळीआधी रेडिओलॉजिस्टना ते काप पुन्हा पाहायला सांगा. आणि ८ व १४ यांत फरक शोधू नका. लहान आकडे एकाच माणसात दोन स्कॅनमध्ये एवढे हलतात.

आकड्यानंतर

शून्य आला आणि तुम्ही तंबाखू-सिगारेट घेत नाही, मधुमेह नाही, वडील-भावाला ५५ च्या आत किंवा आई-बहिणीला ६५ च्या आत हृदयविकार झालेला नाही, तर गोळी पुढे ढकलता येते. यातलं एक जरी असेल तर शून्यावर विसंबू नका. १ ते ९९ असेल तर गोळीकडे कल, पंचावन्नच्या पुढे जास्तच. १०० किंवा त्याहून अधिक, किंवा आपल्या वयाच्या वरच्या चौथ्या हिश्शात असाल, तर स्टॅटिन सुरू करायला हवं. एलडीएल निम्म्याने कमी करून ७० च्या खाली आणणं हे उद्दिष्ट. मध्यम जोर म्हणजे अ‍ॅटोरव्हास्टॅटिन १० ते २० किंवा रोसुव्हास्टॅटिन ५ ते १० मिलिग्रॅम, जास्त जोर म्हणजे अनुक्रमे ४० ते ८० आणि २० ते ४०. कोणती आणि किती, हे यकृत, किडनी, इतर औषधं बघून डॉक्टर ठरवतील. सुरू केल्यावर चार ते बारा आठवड्यांत लिपिड पुन्हा तपासा. ही तपासणी निम्मे लोक विसरतात असं वाटावं इतकी ती राहून जाते, आणि मग गोळी लागू पडते की नाही हे कोणालाच माहीत नसतं. अ‍ॅस्पिरिन मनाने घेऊ नका. शंभराच्या वरही ती फक्त रक्तस्रावाचा धोका कमी असलेल्यांनाच विचारपूर्वक देतात.

मोठा आकडा पाहून, त्रास काहीही नसताना, थेट अँजिओग्राफीच्या टेबलावर जाऊ नका. ४०० च्या वर असेल तर डॉक्टर स्ट्रेस टेस्ट सुचवू शकतात, ते योग्य आहे. त्रास नसलेल्या माणसाला केवळ स्कोअरवरून स्टेंट बसवल्याने आयुष्य वाढतं, असं सिद्ध झालेलं नाही. शिरेतून औषध सोडून ‘विनाऑपरेशन कॅल्शियम विरघळवतो’ म्हणणाऱ्या चिलेशनच्या जाहिरातींनाही पुरावा नाही.

दूध बंद करू नका. धमनीतलं कॅल्शियम कट्ट्यावरच्या धारोष्ण दुधातून आलेलं नसतं. हाडांसाठी डॉक्टरांनी दिलेली कॅल्शियमची गोळीही विचारल्याशिवाय थांबवू नका. कमी करायचं ते मिसळीच्या कटावरची तर्री, मटणाची चरबी, पापड-लोणच्यातलं मीठ. पांढरा रस्सा दिसायला सौम्य असला तरी नारळाचं दूध आणि काजू त्यात असतात, तो वाटीभर पुरे. तालमीत आयुष्य घालवलेल्यांनी ‘मला काय होतंय’ म्हणू नये. वर्षानुवर्षं कठोर व्यायाम करणाऱ्यांमध्ये कधीकधी कॅल्शियम जास्तच दिसतं. त्यांनी व्यायाम सोडू नये, आणि गोळीही टाळू नये.

पुन्हा स्कॅन कधी? शून्य आणि कमी धोका असेल तर पाच ते सात वर्षांनी, मध्यम धोक्याला तीन ते पाच, मधुमेहाला तीन. १ ते ९९ ला आणि गोळी घेत नसाल तर तीन ते पाच. स्टॅटिन सुरू झालं असेल तर शक्यतो पुन्हा नकोच. स्टॅटिनमुळे मऊ थर घट्ट होतो, त्यात कॅल्शियम वाढतं, म्हणजे उपचार चालू असताना स्कोअर चढतो. १८० चे २६० झाले म्हणून घाबरून गोळी सोडणारे नेमकं उलटं करतात. उपचाराचं मोजमाप एलडीएलवर आणि बीपीवर करा.

रिपोर्टचा खालचा परिच्छेदही वाचा. फुफ्फुसात गाठ, महाधमनी फुगलेली, यकृतात चरबी, असं काही तिथे लिहिलेलं असू शकतं, आणि त्याचा पाठपुरावा वेगळा करावा लागतो. सीडी जपून ठेवा. पन्नाशीच्या आत तुमचा स्कोअर शंभरावर गेला असेल, तर तुमच्या सख्ख्या भावंडांनी लिपिड, शुगर, बीपी आणि लायपोप्रोटीन ए तपासून घ्यावं, चाळिशी ओलांडलेल्यांनी स्कॅनबद्दलही विचारावं, आणि मुलं विशीत आली की त्यांचं लिपिड प्रोफाइल एकदा करून घ्यावं.